सोपाननाना आणि यंत्राचं कपाळ

सोपाननाना आमच्या ऑफिसात आले, की आधी टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे आणि विचारायचे, "आत कोणी हाय का?" टेबल माझं असायचं आणि टेबलामागे मी चांगला सदेह बसलेला असायचो. सुरुवातीला मी भाबडेपणानं "आहे की, बोला नाना" म्हणायचो. त्यावर नाना मान हलवायचे, "हे तर यंत्र बी म्हंतंय, विनायकराव," असं म्हणायचे आणि चहाला निघून जायचे. पाच हंगाम मी त्यांच्याबरोबर काढले. पास होण्याइतकं उत्तर मला एकदाही सुचलं नाही.

नाना आमच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. केंद्र परतूरजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात होतं. जिनिंगचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. मी कॉम्प्युटरवर बसायचो. नाना सांगतील तो दर्जा टाइप करायचा, पावती काढायची, सही घ्यायची. जालन्यात तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घराण्यात जन्म घेऊन मी एवढी मजल मारली होती. अवघड काम नानांचं होतं. गाडीवर चढायचं, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस वर काढायचा, कारण वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. मग चिमूटभर दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा कसा तुटतो ते बघायचं, वास घ्यायचा आणि एक शब्द बोलायचा. फर्स्ट, सेकंद किंवा कवडी. कवडी म्हणजे बोंडातच भिजून पिवळा पडलेला, डागी माल. हा तिसरा शब्द ऐकला की शेतकऱ्याचा चेहरा उतरायचा. पण नानांच्या कवडीवर भांडायला आलेला माणूस मी पाहिला नाही. नाना ती चिमूट त्याच्याच तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमीच बघा. मी काई बोलत न्हाई." तो बघायचा आणि पावती घ्यायला माझ्याकडे यायचा.

आपल्या उजव्या हाताची नानांनी फार बडदास्त ठेवली होती. हंगामात त्या हातानं भजी खायची नाहीत, चहाची बशी धरायची नाही, कोणाच्या खांद्यावरसुद्धा तो टाकायचा नाही. तेलकट बोटांना कापूस खोटं सांगतो, असं त्यांचं मत होतं. दिवसातला सगळ्यात चांगला कापूस सापडला, की त्याची बारीक गोळी करून ते अत्तराच्या फायासारखी कानात खोचायचे. अत्तर मात्र नसायचं. "कापसाला सोताचा वास हाय. त्याच्यावर अजून काय खर्चा करायचा?" संध्याकाळी आपल्या गावच्या, आष्टीच्या, जीपमध्ये बसताना नानांचा कान रिकामा दिसला, तर त्या दिवशी एकही धड माल आला नाही असं खुशाल समजावं.

'आत कोणी हाय का'चा उगम कुठल्या उपनिषदात नव्हता. नानांच्या जावयानं मोबाईलमध्ये घालून दिलेल्या एका परदेशी मालिकेत होता. मालिका हिंदीत बोलायची. तिचं नाव नानांना उच्चारता यायचं नाही आणि आम्हालाही गरज पडली नाही. केंद्रावर ती 'टोप्यांची सीरियल' म्हणून प्रसिद्ध होती. वाळवंटात एक गाव. लाकडी घरं, दारूचा गुत्ता, घोडे, डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या, कमरेला पिस्तुलं. दिसायला सगळं जुन्या काळातलं, पण गोष्ट पुढच्या काळातली, कारण गावातली माणसं ही माणसं नव्हतीच. कंपनीनं बनवलेली यंत्रं होती, आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. शहरातले पैसेवाले सुटीला तिथं यायचे, त्यांना गोळ्या घालायचे, हौस भागवून परत जायचे. दर शनिवारी कंपनी यंत्रांची डागडुजी करायची, त्यांच्या आठवणी पुसायची, आणि सोमवारी गाव पुन्हा तीच वाक्यं बोलत उठायचं.

दुपारच्या जेवणानंतर नाना शेडमध्ये बसून हे सगळं आम्हाला सांगायचे. प्रत्येक भाग ते दोनदा बघायचे, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा घोड्यांसाठी. "ह्या लोकाला घोडा बांधता येत न्हाई," ही त्यांची पहिली टीका होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत मागं घेतली नाही. मालिकेत नायक होता, नायिका होती, गोळीबार तर पैशाला पासरी. नानांचा जीव मात्र अडकला होता एका नालबंदात. घोड्यांना नाल ठोकणारं एक म्हातारं यंत्र. गोळीबार सुरू असताना मागे कुठं तरी ते दिसायचं.

"त्याला एक दिवस कळतं," नाना सांगत होते, "की आपून ज्याला नाल ठोकून राह्यलो, त्यो घोडा बी मशीनच हाय. त्याला दुखत न्हाई, खुपत न्हाई. तरी बी ह्यो बाबा खिळा हळूच मारतो. जित्या घोड्याला मारावा तसा. कंपनीचा साहेब इचारतो, कामून रे? तर म्हंतो, मला मालूम न्हाई."

आमचे मॅनेजर राऊत साहेब यांना जगातल्या प्रत्येक विषयावर मत होतं आणि ते सकाळीच मोबाईलवर आलेलं असायचं. ते म्हणाले, "नाना, त्याला तसं बनवलंय म्हणून तो हळू मारतो. प्रोग्राम असतो तो. त्यात भावना वगैरे काही नाही."

"बराबर," नाना म्हणाले. "आन् तुमी गेटावर शेतकऱ्याला अरेतुरे करता, ते कोणी बनवलंय?"

साहेबांना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आला. त्यांना असे फोन नेहमी वेळेवर यायचे.

पुढं नानांनी परतूर तालुक्यातल्या जिवंत माणसांची परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. कोणी सवयीनं विचारलं, "काय नाना, बरं हाय ना?" की नाना गंभीरपणे सांगायचे, "न्हाई बा. सकाळीच मेल्तो." समोरचा म्हणायचा, "चला, छान. येतो मंग." आणि जायचा. राऊत साहेब म्हणाले, "वा वा, असंच चालू द्या." मी काय म्हणालो ते आठवत नाही, पण पुढची गाडी कुठली असं काही तरी विचारलं असावं. असे नाना त्या हंगामात कितीदा तरी मेले आणि एकानंही तेराव्याची चौकशी केली नाही. ते बोट मोडून म्हणायचे, "हे बी शनवारी पुसलेलं दिसतंय."

पास झाली फक्त एक बाई. द्वारकाबाई. आष्टीच्या पुढच्या वाडीची, नवऱ्यामागं एकटीनं शेत करणारी. दर वर्षी कापूस इतका निवडून आणायची, की त्यात पानाचा कण सापडला तर नाना तो तिला दाखवून चिडवायचे. नाना तिच्या गाडीवर चढले आणि तिनं विचारलं, "बरं हाय का भाऊ?" नाना म्हणाले, "सकाळीच मेल्तो, बाई."

"मंग उतरा खाली," द्वारकाबाई म्हणाली. "मेल्या मानसानं माझ्या कापसाला हात लावू नये. आन् घरी भावजयीला सांगितलं का, का तिथं बी माझ्याच तोंडून कळायचं?"

नाना गाडीवरून उतरले ते हसत हसत माझ्या टेबलापाशी आले. "एक बाई जागी हाय, विनायकराव. तालुक्यात एक जागी सापडली." इतका आनंद त्यांना फर्स्टचा माल बघूनही झालेला मी पाहिला नव्हता.

मग आमच्याकडे खरोखरीचं यंत्र आलं. मुख्यालयाला असा साक्षात्कार झाला होता, की माणसाच्या नजरेत पक्षपात असतो आणि यंत्राच्या नजरेत नसतो. एका सळईवर कॅमेरा, खाली तबक, बाजूला लोंबणाऱ्या वायरी, असं ते उघडंवाघडं प्रकरण होतं. त्याच्याबरोबर पुण्याहून मृणाल मॅडम नावाची इंजिनिअर मुलगी आली. यंत्राला कापसातलं काही कळत नव्हतं. ते एका जाणत्या माणसानं शिकवायचं होतं. नानांनी हंगामभर त्याच्याशेजारी बसायचं, तबकात चिमूट ठेवायची आणि अ, ब, क यांपैकी एक बटण दाबायचं.

राऊत साहेब म्हणाले, "नाना, हे पास झालं, की पुढं केंद्रावर ग्रेडर लागणार नाही. पण काळजी करू नका. तुम्हाला सगळ्या केंद्रांवर यंत्रांना शिकवायला पाठवू. मास्तर म्हणून. मी शब्द टाकलाय वर."

नानांना ते पद मनापासून हवं होतं. याबाबतीत मी चेष्टा करणार नाही. चौथीत शाळा सुटली होती त्यांची. भावंडं शिकली, हे जनावरांमागं गेले. वयाच्या साठीत आपल्याला कोणी मास्तर म्हणणार, या कल्पनेनं ते इस्त्रीचा सदरा घालून यायला लागले. आष्टीत अशी बातमी पसरली, की सोपानराव शाळाखात्यात लागले. नानांनी ती खोडून काढायची घाई केली नाही.

शिकवायला मात्र ते खऱ्या मास्तरांसारखे बसले. बटण दाबण्याआधी प्रत्येक चिमटीचं कारण मोठ्यानं सांगायचे. "हे बघ, हा पांढरा दिसतोय, पन मेलेला पांढरा. धागा ओढला की भुगा. म्हून सेकंद." मृणाल मॅडम म्हणाल्या, "काका, कारण सांगायची गरज नाही. ते ऐकत नाही. नुसतं बटण दाबा."

"तुमाला शाळंत नुसतं उत्तर सांगितलं व्हतं का?"

मॅडमनी वहीत काही तरी लिहून घेतलं. शिकलेली माणसं उत्तर नसलं की लिहून घेतात.

दुसऱ्या दिवशी नानांचा प्रश्न, "मॅडम, संध्याकाळी बंद केल्यावर हे काय करतं?"

"काही नाही, काका. बंद असतं."

"सपान?"

"नाही."

"मंग दिवसभर शिकलेलं उगाळतं कवा?"

अशा प्रश्नोत्तरांत हंगाम गेला. शेवटी शेवटी यंत्र नानांच्या आधी दर्जा सांगायला लागलं आणि तो बरोबर निघायला लागला. एकदा दोघांचं जमलं नाही. नानांनी चिमूट पुन्हा ओढून बघितली, उन्हात धरली आणि म्हणाले, "माझंच चुकलं. पोरगं हुशार हाय." त्या दिवशी ते खुशीतही होते आणि गप्पही. जाताना त्यांनी मॅडमना विचारलं, "माझी नजर ह्याच्यात उतरली ना?"

"हो काका. जवळजवळ पूर्ण."

"मंग ह्याच्यात मी हाय का?"

मॅडमनी वही मिटली. "त्यात तुमचा निर्णय आहे, काका. तुम्ही नाही."

"निर्णय माझा आन् मी न्हाई," नाना म्हणाले. "उलटं असतं तर आमच्या घरच्यासारखं झालं असतं."

त्या उन्हाळ्यात टोप्यांची सीरियल संपत आली. कंपनीला नालबंदाचा संशय येतो, त्याची सगळी आठवण पुसतात, आणि सोमवारी सकाळी त्याच्यासमोर तोच घोडा उभा करतात. तो हातोडी उचलतो. इथं भाग संपला. नाना पुढचा, शेवटचा भाग बघायला तयार नव्हते. मी म्हटलं, एवढं बघितलं, आता उत्तर समोर आलंय तर बघा. नाना म्हणाले, "त्यानं जोरात मारला तर? मला बघवायचं न्हाई."

नव्या हंगामात यंत्राला नवीन अंग मिळालं. वायरी गेल्या, सळई गेली. स्टीलचं गुळगुळीत कपाट, पोटावर पडदा, वरच्या बाजूला एक गोल काच आणि तिच्याभोवती दिव्यांची कडी. शिवाय आवाज. "आपला माल प्रथम दर्जाचा आहे, धन्यवाद," असं एक बाई आतून शुद्ध भाषेत बोलायची. "धन्यवाद म्हणायला मी शिकवलं न्हाई," नाना म्हणाले, पण जीव तोच, अंग नवं, हे त्यांनी लगेच मान्य केलं. मुख्यालयाचा हुकूम आला, की यंदापासून यंत्राचा दर्जा अंतिम. माणसानं कापसाला हात लावायचा नाही. मुहूर्ताची खरेदी दसऱ्याला. मृणाल मॅडम कपाट बसवून खंडेनवमीच्या सकाळीच सणाला घरी गेल्या.

आता खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजायची, हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. काटा धुतला, ट्रॅक्टरला हार घातला, पाने-पक्कड मांडून ठेवले. माझ्या कीबोर्डवर दर वर्षी हळदकुंकू पडायचं आणि ते शिमग्यापर्यंत बोटांना लागत राहायचं. मग सगळे यंत्रासमोर आले आणि एक शास्त्रीय पेच उभा राहिला. याचं कपाळ कुठं? राऊत साहेबांचं मत, पडदा म्हणजे कपाळ. वॉचमन म्हणाला, पडदा तर डोळे, त्याच्यावर सगळं दिसतं. डोळे खाली असले तर कपाळ वर पाहिजे. हे तर्कशास्त्र सगळ्यांना पटलं. अंतिम निर्णय अर्थातच गुरूचा. नानांनी कपाट वरून खाली न्याहाळलं, गोल काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे." ओल्या हळदीचं बोट त्यांनी त्या काचेवर प्रेमानं, गोल फिरवून लावलं. त्यावर कुंकू, त्यावर चार अक्षता. आम्ही हात जोडले, आरती म्हटली, नारळ फुटला. नाना कपाटाला जवळ जाऊन हळूच म्हणाले, "उद्या लोकाचा माल येईल. बराबर बघ."

दसऱ्याला सकाळी मांडव, सतरंजी, फोटोवाला. नानांना फेटा बांधून मांडवात खुर्चीवर बसवलं होतं, शोभेसाठी. मुहूर्ताची पहिली गाडी द्वारकाबाईची. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. साहेबांनी तिला शाल-नारळ दिला. कार्यक्रमपत्रिकेत लिहिल्याप्रमाणे कापसाची मूठ यंत्राच्या काचेसमोर धरली. आतली बाई म्हणाली, "आपला माल तृतीय दर्जाचा आहे, धन्यवाद."

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पत्रिकेत यंत्राच्या घोषणेनंतर टाळ्या लिहिल्या होत्या.

टाळ्या थांबल्यावर द्वारकाबाई म्हणाली, "माझा कापूस कवडी? डोळे फुटले का तुमचे?"

"बाई, मशीन खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. "नजर पुण्याची आहे, जरा कडक असणारच."

ती मूठ माझ्या टेबलाशेजारी होती. मी तिच्याकडे पाहिलं. दुधासारखा पांढरा कापूस होता. पाच हंगाम नानांशेजारी बसून एवढं तर मलाही कळत होतं. मी 'कवडी' टाइप केलं. द्वारकाबाई माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी पडद्याकडे बघत बसलो. दुसरी गाडी आली, कवडी. तिसरी, कवडी. हमालांनी पाहिलं, काटेवाल्यानं पाहिलं, साहेबांनी पाहिलं. सगळ्यांच्या समोर पांढराशुभ्र कापूस उतरत होता आणि सगळे एकमेकांना सांगत होते, की यंदा बोंडात पाणी गेलं म्हणतात. पाचसहा गाड्यांतच आम्हाला तो कापूस खरंच पिवळट दिसायला लागला.

नाना इतका वेळ खुर्चीत अस्वस्थ होते. शिकवण्यात आपलंच काही चुकलं, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांची नजर आपल्या अंगठ्याशेजारच्या बोटावर गेली. नखात कालची हळद होती. ते उठले, यंत्रापाशी गेले आणि काचेकडे बघत राहिले. फेटा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"डोळा हाय हा," ते म्हणाले. "मी पोराच्या डोळ्यात हळद घातली."

पुढची गाडी उतरवणारे हमाल थांबले.

"डोळ्यात हळद गेली तर मानूस डोळे चोळतो, वरडतो. ह्यानं काईच केलं न्हाई. गुमान कवडी कवडी म्हणत बसलं. म्हंजे आत कोणी न्हाई. मला उत्तर भेटलं." मग नाना आमच्याकडे वळले. "आन् तुमी? तुमच्या डोळ्यात तर हळद बी न्हाई."

राऊत साहेब त्यांना माझ्या टेबलामागं घेऊन आले, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकावं लागलं. साहेबांचं म्हणणं साधं होतं. काच गुपचूप पुसून टाकू. दुपारपासून सगळं सुरळीत. सकाळच्या गाड्यांच्या पावत्या झाल्या त्या झाल्या. पहिल्याच दिवशी यंत्र चुकलं असं वर गेलं तर सगळ्यांचीच पंचाईत. मध्येच एक हमाल म्हणाला, "साहेब, सणाच्या दिवशी कुंकू पुसू नये. दिवस मावळू द्या." त्या गोंधळात शास्त्राची काळजी असलेला तो एकटाच होता.

"सकाळचा सगळा माल फिरून बघायचा," नाना म्हणाले. "बाईपासून."

"त्याला रिपोर्ट लागेल. रिपोर्टात लिहावं लागेल, हळद कोणी लावली."

खरं तर हा प्रश्न सोपा होता. काल आरतीला आम्ही झाडून सगळे होतो. कपाळ कुठं यावर प्रत्येकानं मत दिलं होतं. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. कोणाला चपलेत खडा सापडला, कोणाला तंबाखू.

"मी लावली," नाना म्हणाले. "लिवा, विनायकराव."

"नाना, मास्तरकी जाईल," साहेब हळू आवाजात म्हणाले. त्या क्षणी त्यांना खरंच वाईट वाटत होतं, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

"जाईल," नाना म्हणाले. मग त्यांनी मला सांगितलं आणि मी टाइप केलं, 'मी, सोपान मुळे, यंत्राच्या डोळ्याला कपाळ समजून हळद लावली. माल चांगला आहे. चूक माझी आहे, यंत्राची नाही.' मला खाली एक ओळ वाढवता आली असती, की पूजेला आम्ही सगळे होतो. मी खाली तारीख टाकली. नानांनी चौथीतल्या अक्षरात सही केली, आपल्या धोतराच्या सोग्यानं काच स्वच्छ पुसली, आणि दुपारभर सकाळच्या एकेका गाडीवर चढून हातानं दर्जा लावला. द्वारकाबाईचा फर्स्ट. शाल तिनं घडी करून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

महिन्याच्या आत वरून दोन पत्रं आली. एकात यंत्राचं कौतुक होतं, की बाहेरून अडथळा येऊनही ते न थांबता काम करत राहिलं. दुसऱ्यात यंत्राशी छेडछाड केल्याबद्दल सोपान मुळे यांना मुक्त केल्याचं कळवलं होतं. यंत्रांचे मास्तर म्हणून राऊत साहेबांची नेमणूक झाली. ते आता केंद्राकेंद्रांवर फिरून शिकवतात. फर्स्ट आणि सेकंद यांतला फरक त्यांना अजून कळत नाही, पण त्यांच्याकडे लेसरचा लाल ठिपका पाडायचं पेन आहे. आमच्याकडे भिंतीवर पाटी लागली, 'यंत्रास हळदकुंकू लावू नये.' या सगळ्यातून झालेली सुधारणा ती एवढीच.

नाना त्यानंतर मला एकदाच दिसले, पुढच्या वर्षी मार्गशीर्षात. स्वतःच्या शेतातला कापूस घेऊन आले होते. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाऊस झाला होता. मी त्यांना पुढं बोलावलं, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि टोकन घेऊन रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर यंत्रासमोर धरायला मूठ द्यायची असते. सगळे वरची देतात. नानांनी कोपरापर्यंत हात घातला आणि खालची काढली. आतली बाई म्हणाली, "आपला माल द्वितीय दर्जाचा आहे, धन्यवाद."

दर्जा पडद्यावर येत असला, तरी पावती अजून मीच काढतो. आयुष्यात पहिल्यांदा मी यंत्रानं सांगितलेलं सोडून दुसरं टाइप केलं. 'प्रथम.' वर्षभर जे छातीवर होतं ते या एका शब्दानं उतरेल असं मला वाटलं होतं. पावती मी नानांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून वाचली, मग पुन्हा वाचली, आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"हे खोडा."

"नाना, राहू द्या. तुमच्यासाठी एवढं तरी..."

"माल सेकंद हाय. भिजल्ता तवा मी शेतातच व्हतो. ह्यानं बराबर सांगितलं." ते रागावलेले नव्हते. "त्या दिवशी लिवायचं व्हतं, विनायकराव."

मागं पुढचा टोकनवाला उभा होता. मी 'प्रथम' खोडलं, नवी पावती काढून त्यावर 'सेकंद' लिहिलं, आणि नानांनी तिच्यावर सही केली.